थंडीने जळलेली घरापुढची झुडपं: कापायची, थांबायचं की उपटून दुसरं लावायचं?

फेब्रुवारी संपत आला की मला फोटो यायला लागतात. टेक्सासमधल्या डॅलसच्या आसपासची गावं, फ्रिस्को, प्लेनो, आयर्विंग, प्रॉस्पर, सगळीकडून. फोटो तोच असतो, घराच्या दर्शनी भिंतीलगत ओळीने लावलेली झुडपं, परवापर्यंत हिरवीगार, आता चहाच्या चोथ्याच्या रंगाची. खाली प्रश्न पण तोच, ताई, गेलं का हे? आणि निम्म्या लोकांनी विचारायच्या आधीच कात्री चालवलेली असते.

तर आधी कात्री खाली ठेवा. बाकीचं सगळं नंतर.

डॅलसच्या आसपास शेवटचं दव-गोठण साधारण मार्चच्या मध्यापर्यंत होऊ शकतं. त्याच्या आधी तुम्ही छाटणी केली की झाडाला वाटतं चला उठायची वेळ झाली, ते कोवळी पालवी काढतं, आणि पुढच्या थंडीच्या रात्री ती पालवी पण जळते. म्हणजे झाडाने साठवलेलं होतं नव्हतं तेही गेलं. वरची मेलेली पानं कितीही ओंगळ दिसली तरी ती खालच्या काड्यांवर पांघरूण म्हणून थोडीफार कामाची असतात, ती राहू द्या. शेजारी काय म्हणेल म्हणून झाड मारू नका.

मार्च अर्धा झाला की मग तपासायचं. त्याला काही यंत्र लागत नाही, अंगठ्याचं नख पुरतं. फांदीच्या टोकाला साल हलकेच खरवडा. आत कोवळ्या वालपापडीसारखा हिरवा आणि ओलसर थर दिसला तर ती काडी जिवंत. तपकिरी, कोरडा, भुसा लागल्यासारखा दिसला तर मेली. मग त्याच काडीवर वीतभर खाली या, परत खरवडा, असं खाली खाली येत जायचं, जिथे हिरवं लागेल तिथे थांबायचं आणि त्याच्या जरा खाली, डोळ्याच्या (काडीवरच्या कोंबाच्या) वर, कापायचं. एकच काडी बघून निकाल देऊ नका, चार बाजूंच्या चार बघा, कारण उत्तरेकडून वारं लागलेली बाजू पूर्ण गेलेली आणि भिंतीकडची बाजू ठणठणीत असं खूप वेळा असतं. माझ्याकडे एका अबेलियाचं अगदी तसंच झालं होतं, पुढून बघितलं तर सरपण आणि मागे हात घालून बघितलं तर भिंतीला चिकटून तीन काड्या हिरव्या.

नख लावायचा कंटाळा असेल तर काडी वाकवून बघा. कट्‌कन तुटली की गेली, वाकली की आहे. पण नखाची परीक्षा जास्त खरी.

आता कुठलं झाड आहे त्याच्यावर पुढचं सगळं ठरतं, सरसकट सल्ला देणारे लोक इथेच चुकतात.

कण्हेर (इकडे ओलिअँडर म्हणून विकतात) वरून पूर्ण वाळली तरी घाबरू नका, बुडातून फुटवे येतात, एप्रिल-मे पर्यंत वाट बघा आणि मग जमिनीपासून कापून टाका, त्याच वर्षी कमरेपर्यंत येते. फक्त कापलेल्या काड्या फायर पिटमध्ये टाकू नका, कण्हेर विषारी असते आणि तिचा धूरही, हे आपल्याला लहानपणी आजीने सांगितलेलं असतं पण इकडे आल्यावर विसरायला होतं. लँटाना म्हणजे आपली घाणेरी, ती पण बुडातून येते. शंकासूर, ज्याला इकडे प्राइड ऑफ बार्बाडोस असं भारदस्त नाव आहे, तो तर कधी कधी मे उजाडल्यावर डोकं वर काढतो, तोपर्यंत आपण तिथे दुसरं काहीतरी लावून बसलेलो असतो. क्रेप मर्टल मार्चमध्ये मेल्यासारखंच दिसतं, ती त्याची सवय आहे, त्याला हात लावू नका.

या उलट इंडियन हॉथॉर्न. हे गेलं की बहुतेक वेळा गेलं. पिटोस्पोरमचं तेच. वॅक्स लीफ लिगस्ट्रमला मार बसला तर खालून येऊ शकतं पण दोन वर्षं ते बघवत नाही. जमिनीत लावलेली रोझमेरी २०२१ च्या मोठ्या थंडीत या भागात धडाधड मेली, आणि रोझमेरीचं एक आहे, जुन्या लाकडातून ती फुटत नाही, त्यामुळे हिरवं उरलंच नसेल तर उगाच आशा ठेवू नका.

एक सापळा सांगते, यात मी स्वतः अडकलेय. एप्रिलमध्ये झाडाला छान पालवी आली, आपण खूश, फोटो काढून बहिणीला पाठवला, आणि जूनमध्ये पहिल्या कडक उन्हात दोन दिवसांत सगळं कोमेजून खाली. लोक म्हणतात पाणी कमी पडलं, मग आणखी पाणी घालतात. खरं कारण बुडाशी असतं. गोठताना खोडाची साल जमिनीलगत उभी चिरते, ती चीर पानांनी आणि मल्चने (मातीवर घातलेल्या आच्छादनाने) झाकलेली असते म्हणून दिसत नाही. झाड खोडात साठवलेल्या शिदोरीवर पालवी काढतं, पण चिरलेल्या सालीतून पानांचं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही, मुळं उपाशी, आणि उन्हाळ्यात मागणी वाढली की सगळं कोसळतं. म्हणून मार्चमध्येच मल्च हाताने बाजूला सारून बुंध्यापाशी बोट फिरवून बघा, साल सैल झालीय का, सोलपटल्यासारखी लागतेय का. चीर खोडाला अर्ध्याहून जास्त वेढत असेल तर त्या झाडावर उन्हाळाभर पाणी आणि जीव घालवू नका.

आणि दुखावलेल्या झाडाला लाडाने खत घालू नका. पानंच नाहीत तर खाणार कोण? नवीन फूट नीट दिसायला लागली की मग थोडं कंपोस्ट, बास. पाणीही बेतानं, पानं नसलेलं झाड पाणी ओढत नाही, ते पाणी मुळाशी साचतं आणि आपल्या या मातीत मुळं कुजतात.

मातीवरून आठवलं. मी सोलापूरची. पहिल्या वर्षी इथे पावसानंतर अंगणात गेले आणि चपलेला दोन दोन किलो चिखल चिकटला तेव्हा मला फार घरच्यासारखं वाटलं होतं. ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात त्या पट्ट्यातली ही माती म्हणजे आपली काळी मातीच, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगून रबर, आणि खाली चुनखडी. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना वाफसा म्हणजे काय ते सांगायला नको, इथे पण तेच, ओली असताना खणली तर ढेकळं विटेसारखी होतात, वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी होऊ द्या, मग कुदळ लावा.

बरं, हे दरवर्षी का होतं? माझीच गोष्ट सांगते. घर घेतलं तेव्हा बिल्डरने पुढे नऊ इंडियन हॉथॉर्न लावून दिले होते. नावात इंडियन म्हणून मला उगाच जवळचं वाटलेलं, प्रत्यक्षात ते मूळचं चीनच्या दक्षिणेकडचं. २०२१ च्या फेब्रुवारीत ते प्रसिद्ध वादळ आलं, पाच दिवसांहून जास्त सलग पारा गोठणबिंदूच्या वर आला नाही, लाइट ये-जा करत होते, आम्ही चौघं एका खोलीत, आणि १६ फेब्रुवारीला डॅलसच्या विमानतळावर उणे २ फॅरनहाइट नोंदलं गेलं, म्हणजे उणे १९ सेल्सियस. नऊच्या नऊ हॉथॉर्न गेले. सोसायटीचं पत्र आलं की दर्शनी भागातली मेलेली झाडं बदला, मी घाईघाईने गेले आणि दुकानात पुढेच जे ठेवलं होतं ते घेऊन आले. काय होतं ते? इंडियन हॉथॉर्न, नऊ. लेबलवर झोन ८ (झाड किती थंडी सोसतं त्याचा इथला आकडा) लिहिलेलं, आमचा झोन ८, मग अजून काय पाहिजे! २०२२ च्या डिसेंबरात नाताळच्या तोंडावर पारा एका दिवसात धाडकन दहा-बारा फॅरनहाइटवर आला आणि त्यातले पाच परत गेले. तेव्हा नवरा म्हणाला, आता हे थंडीवर ढकलू नकोस.

खरंच होतं ते. झोन म्हणजे काय ते मी तोवर नीट वाचलंच नव्हतं. तो आकडा म्हणजे तुमच्याकडे पडू शकणारी सगळ्यात वाईट थंडी नव्हे, तीस वर्षांतल्या प्रत्येक वर्षीची सगळ्यात थंड रात्र घेऊन काढलेली सरासरी आहे. सरासरी म्हणजे बऱ्याच वर्षी त्याच्या खालीही जाणारच की. ८ए म्हणजे १० ते १५ फॅरनहाइट, ७ म्हणजे ० ते १०, आणि उणे २ ही रात्र बसते ६बी मध्ये! २०२३ मध्ये नवीन नकाशा आला आणि आमच्याकडचे बरेच भाग अर्धा झोन उबदार दाखवले, लोक खूश, पण तो नकाशा १९९१ ते २०२० च्या आकड्यांवर आहे, म्हणजे २०२१ चं वादळ त्यात धरलेलंच नाही. म्हणून माझा नियम आता एकच आहे, घरापुढची कायमची झुडपं झोन ७ किंवा त्याखालची घ्यायची, लेबलवर ८ दिसलं की कुंडी परत ठेवायची, कितीही सेल असला तरी.

दुसरं कारण टेक्सासचं हवामानच. मिशिगनमधलं झाड एवढ्या थंडीला हसेल कारण तिथे थंडी पायरी पायरीने येते, झाड पेशींत साखर साठवून, पाणी कमी करून तयारीला लागतं. इथे जानेवारीत आपण हाफ पँटवर ७५ फॅरनहाइटमध्ये फिरतोय, झाडात रस चढलाय, आणि तिसऱ्या दिवशी १५. त्याला स्वेटर घालायला वेळच मिळत नाही. म्हणून एखादं झाड ऑक्टोबरनंतर नायट्रोजनचं खत घालून कोवळं ठेवलं असेल तर ते आधी मरतं. शेवटचं खत ऑगस्टमध्येच संपवा.

मग लावायचं काय? माझ्या अंगणात आणि माझ्या ओळखीच्या दहा-बारा घरांत जे २०२१ पासून टिकलंय तेवढंच सांगते.

एक नंबर ड्वार्फ योपॉन होली. टेक्सासचंच झाड, बारीक पान, बारा महिने हिरवं, तीन-चार फूट, आपोआप गोल होतं, काळ्या मातीत चालतं, उन्हात चालतं, थोड्या सावलीत चालतं. दिसायला साधं आहे हे कबूल, फूल म्हणाल तर नावाला. पण २०२१ च्या मार्चमध्ये आमच्या गल्लीत हिरवं म्हणून काय उरलं होतं तर हेच. गंमत म्हणजे याच्या पानांत कॅफीन असतं आणि इथले मूळ रहिवासी त्याचा काढा पीत असत, मी करून बघितला नाहीये, आमच्या घरी आलं-वेलदोडा सोडून दुसरा चहा कुणी पीत नाही. याहून उंच पाहिजे तर ड्वार्फ बरफर्ड होली, पाच-सहा फूट, हिवाळ्यात लाल फळं, आणि शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर दिसतंय म्हणून उंच आडोसा हवा असेल तर नेली स्टीव्हन्स होली. होलीची पानं टोचतात, बरफर्डला टोकाला एकच काटा असतो तो त्यातल्या त्यात बरा, लहान मुलं असतील तर योपॉनच घ्या.

फुलं हवीतच असतील तर अबेलिया. कडक थंडीत पानं टाकते, क्वचित जमिनीपर्यंत जाते पण बुडातून परत येते, आणि उन्हाळाभर फुलपाखरं. नॅन्डिना टिकते, फक्त तिची लाल फळं पक्ष्यांनी भरपूर खाल्ली तर त्यांना विषारी ठरतात, म्हणून फळं न धरणारी जात मागून घ्या. बॉक्सवुड हवं तर विंटरजेम. सेनिझो म्हणजे टेक्सास सेज, जांभळ्या फुलांचं, ते सगळ्यांना आवडतं आणि दुष्काळात राजा आहे, पण आमच्या उत्तरेकडच्या भागात २०२१ ला त्याला चांगलाच मार बसला, आणि पाण्याचा निचरा नसेल तर ते तसंही रुसतं, तेव्हा जपून. लँडस्केपचे सतत फुलणारे गुलाब थंडीत टिकतात खरे, पण डॅलस भागात रोझ रोझेट नावाचा व्हायरस आहे, बारीक कोळीकीटक वाऱ्याबरोबर आणतात, लालभडक झाडूसारखा शेंडा फुटतो आणि मग उपाय नाही, मुळासकट काढावा लागतो. ओळीने दहा गुलाब तर अजिबात लावू नका.

आणि एकूणच ओळीने नऊ सारखी झाडं लावू नका, आमच्याकडे होती आणि नऊच्या नऊ एकदम गेली. आता माझ्याकडे पाच योपॉन, दोन अबेलिया, एक बरफर्ड आहे, सोसायटीच्या लोकांनी भुवया उंचावल्या पण पत्र काही आलं नाही.

आता आपल्या लोकांचा खास प्रश्न, जास्वंद. देवाला लागते म्हणून दर वर्षी वीस-पंचवीस डॉलरची दुकानातली जास्वंद जमिनीत लावायची आणि दर डिसेंबरला ती मरू द्यायची, असं माझ्या बघण्यात सहा सहा वर्षं चाललेली घरं आहेत. ती उष्ण प्रदेशातली आहे हो, ती इथे जमिनीत राहणार नाही, कुंडीत ठेवा आणि आत घ्या. जमिनीतच हवी तर तिची थंडीतली भावंडं घ्या. रोझ ऑफ शॅरन, झोन ५ पर्यंत चालते, पांढरी, गुलाबी, जांभळी मिळते, हिवाळ्यात पानं झडतात. पण गणपतीला लाल हवी ना? मग टेक्सास स्टार, पाच सुट्या पाकळ्यांचं लालभडक फूल, हिवाळ्यात जमिनीपर्यंत मरते आणि मार्च-एप्रिलमध्ये बुडातून येते, उन्हाळाभर फुलते आणि गणपतीपर्यंत फुलं मिळतात. पाणी भरपूर लागतं, ती पाणथळीतली आहे. एकच सांगून ठेवते, तिची पानं थेट गांजासारखी दिसतात, माझ्या शेजारच्या आजोबांनी पहिल्या वर्षी कुंपणावरून दोनदा बघितलं आणि तिसऱ्यांदा विचारलंच. फूल आल्यावर नेऊन दिलं त्यांना एक.

अनंत (गार्डेनिया) हवा असतो सगळ्यांना. त्याला थंडीपेक्षा आपली चुनखडीची माती जास्त मारते, पान पिवळं पडतं, शिरा हिरव्या राहतात, म्हणजे लोह आहे पण झाडाला उचलता येत नाही. फ्रॉस्टप्रूफ नावाची जात झोन ७ पर्यंत चालते, पण जमिनीत नको, मोठ्या कुंडीत आम्लधर्मी मातीत. मोगरा, कढीपत्ता, तुळस यांना तर ४० फॅरनहाइटच्या खाली गेलं की आतच.

लावायची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर. वसंतात दुकानं भरलेली असतात म्हणून सगळे एप्रिलमध्ये लावतात, मग मुळं धरायच्या आत जुलै येतो. सोसायटीचं पत्र आलं असेल तर त्यांना लिहून कळवा की शरद ऋतूत लावणार आहोत, आमच्याकडे तरी मुदत मिळाली. खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद, पण खोल कुंडीएवढाच, मुळांच्या गोळ्याचा माथा जमिनीच्या बोटभर वर राहू दे. खड्ड्यात फक्त विकतची भुसभुशीत माती भरू नका, काळ्या मातीत ते भांडं होतं आणि पाणी साचतं, खणलेलीच माती थोडं कंपोस्ट मिसळून परत भरा. वरून तीन इंच मल्च, बुंध्याला न टेकवता.

थंडीची रात्र येणार म्हणून अंदाज आला की आदल्या दिवशी मुळाशी पाणी द्या, ओली माती उष्णता जास्त धरते आणि वाऱ्याने झाड सुकत नाही. झाकायचं कापडाने, प्लॅस्टिक पानाला टेकलं तर तिथेच जळतं. आणि झाकणं म्हणजे जमिनीपर्यंत, कडेला विटा ठेवून. लोक खोडाला गुंडाळतात लॉलीपॉपसारखं, त्याचा काही उपयोग नाही, ऊब जमिनीतून येते, ती अडवायचीय. २०२४ च्या जानेवारीत सासूबाई इथे होत्या. मी दुकानातून दवरोधक कापड आणायला निघाले तर त्यांनी बॅगेतून जुनं सुती नऊवारी काढलं, धर म्हणाल्या ते टोक, आणि आम्ही दोघींनी एका लुगड्यात तीन झुडपं झाकली, कडेने विटा लावल्या. सकाळी वर दहीभातासारखं पांढरं दव साचलेलं आणि खाली सगळी पानं जागच्या जागी. दुपारी पारा वर आला की काढून ठेवायचं, नाहीतर आत उकडतं. नाताळचे जुने पिवळे बल्ब आत सोडले तर चार-पाच अंश मिळतात, नवीन एलईडी तापत नाहीत, त्यांचा फक्त उजेड.

कोपऱ्यातल्या एका हॉथॉर्नची जागा माझी अजून रिकामीच आहे, तिथे ऑक्टोबरात आणखी एक अबेलिया जाणार. आज रात्री ३१ फॅरनहाइट दाखवतायत, अनंताची कुंडी अजून बाहेरच आहे, ती आत ओढायची आहे.